क्लीनर साइडची काच

४ जानेवारी, नांदेड

अप्पांच्या जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स लातूरला रवाना झाला एकदाचा. ट्रान्सपोर्टवाला घ्यायलाच तयार नव्हता, तेल गळून साड्यांचे गठ्ठे खराब होतील म्हणे. मग तिथंच रस्त्याकडेला डबा लावून तेल काढलं, पोत्यात गुंडाळला, खालून फळ्या ठोकल्या. हमालांनी दोर बांधून बल्लीवर उचलला. एकजण म्हणाला, "बाई, हत्ती पाठवून राहिल्या का लातूरला?" मी म्हटलं, हाव, वडिलांचा.

संध्याकाळी धाकट्याचा, शिवाचा फोन. "अक्का, भंगारात देऊन टाक म्हणून कवापासून सांगून राहिलो. अप्पा तुला ओळखत न्हाईत, ट्रकला काय ओळखतील?"

त्यांना रोज आंघोळ घालतो तो. मी महिन्यातून दोनदा जाणारी.

७ जाने.

दिवाळीपासून अप्पा मला "बाई, तुम्ही कुठल्या?" असं विचारतात. नाव सांगितलं की मान हलवतात, पाहुण्यापुढं हलवावी तशी. पण मागच्या खेपेला मोबाइलवर ट्रकचा फोटो दाखवला तर लगेच म्हणाले, "हिची काच कुणी फोडली?"

शाळेच्या सुट्टीत मी त्या ट्रकमध्ये मधे बसायची. इकडं अप्पा, तिकडं माणिक, त्यांचा क्लीनर. मी झोपले की डोकं कुणाच्या खांद्यावर पडेल याचा नेम नसायचा.

तिथं शेजारी बसले तर ओळखतील असं वाटतं. ट्रक चालला नाही तरी चालेल. पण गिअरचा दांडा नसलेल्या, बिनकाचेच्या गाडीत ते चढायचे नाहीत. हे कारण अजून कुणाला सांगितलेलं नाही. शिवाला वाटतं मला जुन्या वस्तूंचा नाद लागलाय.

१५ जाने., लातूर

औसा रोडची शेड, ट्रक इथंच उभा. गिअरबॉक्स बसला. काच नाही.

या ट्रकला समोर दोन काचा, मधे पट्टी. अप्पांच्या बाजूची फुटलेली. नांदेडला दुकानात मी "डावी" सांगितली होती. आज रज्जाकमामूंनी भोवती बांधलेला कडबा सोडून काच बाहेर काढली, ट्रकला लावून बघितली आणि माझ्याकडं बघत राहिले. अप्पांच्या गाडीचं काचकाम पहिल्यापासून त्यांच्याकडंच.

"ताई, डावी म्हणल्या तवा कुठं उभ्या होत्या?"

"ट्रकसमोर."

"मंग झालं. ट्रकला नवरदेव समजून समोरून बघितलं तुम्ही. आमच्यात डावी-उजवी न्हाई. ड्रायव्हर साइड, क्लीनर साइड."

सपाट असती तर उलटी करून बसली असती. हिला थोडी गोलाई.

मग मामूंनी क्लीनर साइडची जुनी, धड काच रबर बदलायला काढायला घेतली. रबर दगडासारखं झालेलं. आतून पायानं रेटलं आणि ती गेली. खळ्ळकन नाही, नुसती भेग पडत गेली, सावकाश. मामू म्हणाले, "बघा. तुमची चूक वाया गेली न्हाई."

खूप दिवसांनी हसले.

१६ जाने.

काच बसवली, क्लीनर साइडची. काचेभोवती नवं रबर, रबराच्या खाचेत बारीक दोरी, वरून साबणाचं पाणी. मामू बाहेरून तळव्यानं दाबत होते. मी आत बसून दोरी ओढत होते. दोरी निघते तशी रबराची कड पत्र्यावर चढत येते. "हळू ताई, घाई केली की फाटतं."

कोपऱ्यावर थांबले, दोरीचं टोक बोटाला गुंडाळून परत ओढली.

१७ जाने.

अप्पांना आणलं. शिवानं मागून आधार दिला, पण पाय कुठं ठेवायचा ते त्यांच्या पायालाच माहीत होतं. ड्रायव्हर साइड उघडी. तोंडावर वारं आलं तसे डोळे बारीक केले. हात गिअरवर. मी शेजारी बसले.

"माणक्या, पाणी बघितलं का?"

"अप्पा, मी सुमन."

"सुमी नांदेडला असती." आवाज खाली आणून, "तिला सांगू नको गाडी उभी हाय म्हणून. लगेच रडती."

शिवा खाली उभा होता. त्यानं ऐकलं. टायर दाबून बघत राहिला, हवा आहे का बघतात तसा.

१९ जाने., नांदेड

दुकानात ड्रायव्हर साइड म्हणून सांगून आले. दोनदा सांगितलं.

शिवाचा फोन. अप्पा रोज विचारतात, माणिक कुठं गेला. "तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"काच आणायला गेला म्हणलं."

माणिक जाऊन किती वर्षं झाली. त्याची वाट बघतात. माझी

नको.

तसं नाही. माझ्याबद्दल ते बोलतात, फक्त माझ्याशी नाही. त्याच्याशी बोलतात.

शिवा फोन ठेवताना म्हणाला, "अक्का, ट्रक राहू दे. भंगाराचं बोललो ते सोड."

२८ जाने., लातूर

काच धड आली. उभीच आणली, लोह्याच्या पुढं खड्ड्यांमुळं ड्रायव्हरनं गाडी हळू घेतली म्हणे. मामूंनी दुपारपर्यंत बसवली. दोरी मीच ओढली.

मग अप्पा. बसल्या बसल्या धोतराच्या सोग्यानं काच पुसायला लागले. आतून. डाग बाहेरून होता साबणाचा, तो निघेना.

"माणक्या, उद्या नांदेडला काढू गाडी. पोरीला भेटून येऊ. लई दिवस झाले."

शिवानं खालून माझ्याकडं बघितलं. मी सुमन आहे हे अगदी ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी मान हलवली असती, पाहुण्यापुढं हलवतात तशी.

माणिक त्यांना काय म्हणायचा ते आठवलं.

"हाव, मालक," मी म्हणाले.

त्यांचा हात थांबला. मान वळवून माझ्याकडं बघितलं, बराच वेळ.

"तुझा आवाज..." म्हणाले.

परत काच पुसायला लागले.