नवमीचं पान

२ जुलै १९५७, मंगळवार

पोस्टकार्ड! पाकीट नाही — उघडं पोस्टकार्ड. पोस्टमननं वाचलं असणार, त्याच्यामागून अर्ध्या गल्लीनं. हिंदीत आहे, म्हणजे पोरांनीसुद्धा.

"श्रीमती कमल चार साल से ठीक हैं. घर का कोई एक जन आकर तीन हफ्ते साथ रहे, फिर ले जाए." खाली डॉक्टर मानसिंगराव म्हणून सही. नवा दिसतो. आजवरची पत्रं पाकिटात घालून भाऊच्या कचेरीत जात. त्यांचं काय झालं ते भाऊच जाणे. ह्यानं घराचा पत्ता शोधला.

भाऊनं कार्ड वाचलं, घडी करून टोपीत ठेवलं. म्हणाला, "कुठे बोलू नकोस."

मी म्हटलं, "कार्ड आहे भाऊ. ते बोलतच आलंय."

सुमंगला स्वयंपाकघराच्या दारात उभी. "वन्सं, कमल? कोणती कमल?" तिचा हात गळ्यातल्या टाकावर गेला.

३ जुलै

एकदाचं लिहून टाकते.

कमलवहिनी भाऊची पहिली बायको. चव्वेचाळीसच्या शेवटी मूल झालं, तिसऱ्या दिवशी गेलं. वहिनी बोलायची थांबली. मग बोलायला लागली ती थांबेचना. पुढच्या उन्हाळ्यात भाऊनं तिला शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन सोडलं आणि घरी येऊन सांगितलं — धरमपुरीला नावेतून पडली, नर्मदेनं नेली. प्रेत नाही म्हणून पळसाच्या पानांची बाहुली करून जाळली. वेडी बायको जिवंत आहे म्हटल्यावर दुसरी मुलगी कोण देणार, ही भाऊची चिंता. धारचे वहिनीचे काका गप्प बसले. त्यांच्या तीन मुली लग्नाच्या होत्या. वर्षभरात सुमंगला आली.

तेव्हापासून दर अविधवा नवमीला पान मांडलं जातं. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची ती तिथी. पुरणाचा स्वयंपाक होतो, गल्लीतली एक सवाष्ण वहिनीच्या नावानं जेवते. बारा नवम्या झाल्या.

आणि सुमंगलाच्या गळ्यात तो टाक. चांदीचा, नखाएवढा, त्यावर बाईची आकृती. दुसरेपणावर आलेल्या बाईनं मेलेल्या सवतीला असं गळ्यात वागवायचं, म्हणजे ती बाधत नाही. रोज अंघोळ झाली की सुमंगला त्याला कुंकू लावते. जिवंत बाईला!

माझा गुन्हा? गप्प बसले. एवढाच. पण बारा वर्षं बसले.

५ जुलै

सुमंगला माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

८ जुलै

भाऊ — "ती बरी असेल तर तिथेच बरी असू दे!"

हे वाक्य माणूस शुद्धीवर असताना बोलतो. आणि वेडी ती.

पुढे म्हणाला, "मुलांची मुंज तोंडावर आहे. लोक विचारतील. तू आपली शाळा बघ." कोणती शाळा? नवं हिंदी राज्य झालं आणि माझा मराठीचा वर्ग एप्रिलात मिटला. मला, म्हणजे जानकीबाईंना, 'पुढील आदेश' येईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. बसून काय करू? दोन लुगडी, तांब्या, ही वही. उद्या-परवा निघते.

भाऊ म्हणाला, "गेलीस तर ह्या घरात परत पाऊल ठेवायचं नाही."

बरं.

१४ जुलै, इस्पितळ

आवारात तंबू आहेत. लष्कराचे जुने, भोकं पडलेले. प्रत्येक तंबूत एक रोगी आणि त्याच्या घरचं एक माणूस. दोघांनी मिळून चूल मांडायची, राहायचं. डॉक्टर दिवसातून दोनदा येऊन मातीतच बसतात. नव्या गोळ्या देतात. पण गोळी कशी द्यायची त्यापेक्षा माणसाशी कसं बोलायचं हेच जास्त सांगतात. झोप उडाली की सावध व्हायचं. चिडली तर दार लावून घ्यायचं नाही. तिच्या देखत तिच्याबद्दल दुसऱ्याशी कुजबुजायचं नाही.

मी विचारलं, तंबू फक्त आठच का?

"बाई, पढ़े-लिखे घरों से चिट्ठी आती है. आदमी पीपलरावां से आता है."

खरंच. शेजारच्या तंबूत पीपलरावां गावचा गणपत. ऐन पेरणीत बैल शेजाऱ्याकडे सोपवून भावाजवळ राहायला आलाय. पलीकडे उदयनगरच्या जंगलातून आलेला एक म्हातारा, बायकोला घेऊन. गणपतला विचारलं, गावात लोक काय म्हणतील? त्याला प्रश्नच कळला नाही. "घर को आदमी है, घर में रेगा. और कां जायगा?"

आमच्या घरात पुस्तकांची तीन कपाटं आहेत.

वहिनी. केस कापलेले. हाडं दिसतात. मला पाहून म्हणाली, "वन्सं, किती जाड झालात!" आणि पाय धुवायला पाणी आणलं.

इथल्या मुदपाकात ती काम करते. दोनशे माणसांच्या पोळ्यांचा अंदाज तिला डोळे मिटून येतो. आज तंबूत दोघींसाठी कणीक भिजवायची तर परातीपुढे बसून राहिली. दोघींना किती लागते ते आठवेना.

१६ जुलै

आज वहिनीला सांगितलं, घरी ती मेलेली आहे म्हणून. डॉक्टर म्हणाले, ते माझं काम नाही — तुम्ही मारलंत, तुम्हीच सांगा.

वहिनी पोळ्या लाटत होती. शेवटपर्यंत ऐकलं.

"कशी मेले?"

"धरमपुरीला. नावेतून पडून."

लाटणं थांबलं. "मला पोहता येतं वन्सं! धारला मुंज तलावात मी भावांच्या आधी पलीकडे जायची. ह्यांना माहीत होतं. लग्नाच्या बैठकीतच काकांनी सांगितलं होतं, सगळे हसले होते."

"हो."

"मग निदान तापानं तरी मारायचं!"

आणि हसली. इतकी हसली की गणपत तंबूबाहेर येऊन उभा राहिला. मला हसू येईना.

मग एकेक विचारत गेली. पान कुठे मांडता? माझ्या नावानं कोण जेवतं?

"सावित्रीबाई."

"त्या बऱ्या खातात. आणि स्वयंपाक?"

"व्हायचा."

"पुरण?"

"पुरण."

पुन्हा लाटायला लागली.

५ ऑगस्ट, देवास

दार लावलेलं. आतून. सामान घेऊन आम्ही दोघी पायरीवर, आणि आत मुलांचा पाढ्यांचा आवाज. कडी वाजवली तसे पाढे थांबले. दार उघडलं नाही.

समोरच्या बाजूला जगदेवरावांची खोली रिकामी होती, ती घेतली. पूर्वी हा रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं — घराकडे थोरली पाती, ह्या बाजूला धाकटी. दोन्ही राज्यं केव्हाच गेली. भाऊ मात्र अजून दरबार भरवून बसलाय.

जगदेवराव किल्ली देताना म्हणाले, "धाकट्या पातीत स्वागत आहे!" वहिनीशी इतकं बोलणारा पहिला माणूस. नंतर मला बाजूला घेऊन, "काही फोडाफोड नाही ना करत?" मी म्हटलं, अजून तरी मीच करते.

१३ ऑगस्ट, मंगळवार

डॉक्टर बसनं आले. आता दर मंगळवारी येणार, मोटारस्टँडजवळच्या धर्मशाळेच्या ओट्यावर बसणार. घरी पाठवलेल्या माणसांना तिथे बघणार. आज बघायला एकच माणूस — वहिनी. आणि आमच्या दोघींकडे बघायला पन्नास.

डॉक्टर म्हणाले, "मी अर्धं काम केलं. पुढचं तुमच्या गल्लीवर."

गल्लीवर! त्यांना आमची गल्ली माहीत नाही.

१८ ऑगस्ट

पोरं खिडकीखाली ओरडतात. भूतनी! भूतनी! त्यांचं काय चुकलं? मेलेली बाई खिडकीत उभी आहे. आम्हीच त्यांना तसं शिकवलंय.

वहिनी तीन दिवस झोपलेली नाही. भांडी घासते, पुन्हा घासते.

२० ऑगस्ट, मंगळवार

सकाळी सावित्रीबाई आल्या. मी दारातच अडवलं. काय काय बोलले ते आठवून आता लाज वाटते, पण बोलले. बारा वर्षं पुरणपोळ्या खाल्ल्यात, आता पचल्या का बघायला आलात?

सावित्रीबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ती जिवंत आहे हे मलाच काय, सगळ्या गल्लीला पहिल्यापासून ठाऊक होतं गं."

"काय?"

"आमच्या ह्यांनीच तिला टांग्यात बसवून दिलं. त्यांनाच विचार. दर नवमीला पान जेवून उठायची. घरी जाऊन देवाला सांगायची, खाल्लंय ते तिच्या आयुष्याला लागू दे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?"

नव्हते बोलले. पण संताप गेला नाही. सगळ्यांना ठाऊक होतं! एक सुमंगला सोडून सगळ्यांना. बारा वर्षं अख्खी गल्ली गंभीर चेहऱ्यानं एका जिवंत बाईचं श्राद्ध करत होती.

डॉक्टर दुपारी खोलीवरच आले. वहिनीला तपासलं, गोळी वाढवली. मग सावित्रीबाईंना ओट्यावर बसवून सांगितलं की हिला एकटं ठेवू नका, फार प्रश्नही विचारू नका, हाताला काम द्या. सावित्रीबाई म्हणाल्या, "म्हणजे बाळंतिणीसारखं." डॉक्टर म्हणाले, "हो. तसंच. ते तेव्हाच करायचं होतं."

२३ ऑगस्ट

सावित्रीबाईंनी पाळ्या लावल्या. दुपारी एक ते पाच, रोज एक बाई. निवडायला तांदूळ घेऊन येतात. पहिल्या दिवशी कोणी बोललं नाही. आज वहिनीनं एकीला सुनावलं, "खडे माझ्या ताटात टाकू नका, मी वेडी आहे, आंधळी नाही."

काल झोपली. सहा तास.

पोरांना सावित्रीबाईंच्या यजमानांनी, हंबीररावांनी, झोडलं.

२७ ऑगस्ट, मंगळवार

धर्मशाळेच्या ओट्यावर आज पाच जण!

वकिलांचा धाकटा भाऊ. तो मुंबईला नोकरीला आहे असं आम्ही आठ वर्षं ऐकत होतो. माडीवर होता. नखं वाढलेली, उन्हाला डोळे उघडेनात. सराफांची सून, जिला 'माहेरपण' मानवलं होतं म्हणे. एका घरची म्हातारी. एक मुलगी तर माझ्याच वर्गातली निघाली. मी तिचं नाव हजेरीतून कमी केलं होतं आणि कारण विचारलं नव्हतं.

कोणी कोणाकडे बघत नव्हतं. आणि मी? मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या सगळ्या माड्यांना आग लावावीशी वाटत होती. वहिनी त्या मुलीजवळ जाऊन बसली. म्हणाली, "गोळीनं तोंड कोरडं पडतं. बडीशेप ठेव जवळ."

१२ सप्टेंबर

भाऊ नवमी करणार! समोर, तीस पावलांवर, ती रोज अंगण झाडते, आणि हा तिच्या नावानं पान मांडणार. "बारा वर्षांचा नेम मोडता येत नाही." मोडला तर कबूल केल्यासारखं होईल, हे खरं कारण.

सावित्रीबाईंकडे बोलावणं गेलं. त्यांनी निरोप धाडला — "माझं पोट भरलं. बारा वर्षांचं." आणखी तीन घरी विचारणं झालं. कोणी तयार नाही. गल्ली पहिल्यांदाच नाही म्हणाली. उशीर झाला गल्लीला, पण म्हणाली.

भाऊ खिडकीत उभा असतो. इकडे बघत नाही.

१६ सप्टेंबर

सुमंगला रस्ता ओलांडून आली. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. हातात कुंकवाची कोयरी. गळ्यात नुसतं मंगळसूत्र.

दोघी पहिल्यांदा समोरासमोर. वहिनी जात्यावर बसलेली, ती उठली.

सुमंगलानं टाक मुठीतून काढून तिच्यापुढे धरला. "हा तुमचा. मी अकरा वर्षं कुंकू लावलं. मला माहीत नव्हतं."

वहिनीनं टाक उजेडात धरून पाहिला. "नाक मोठं काढलंय माझं."

सुमंगला रडायला लागली. वहिनी म्हणाली, "रडू नका हो. गळ्यात मीच होते ना, मग? मी बाधले का कधी?"

मग सुमंगलानं डोळे पुसले. वहिनीला कुंकू लावलं आणि रीतीप्रमाणे म्हणाली, "उद्या आमच्याकडे सवाष्ण म्हणून जेवायला या." आणि माझ्याकडे वळून, "वन्सं, तुम्हीही."

"ते काय म्हणतील?" मी विचारलं.

"स्वयंपाकघर माझं आहे."

गेल्यावर वहिनी कितीतरी वेळ आरशात ते कुंकू बघत होती. मी तिला म्हटलं, जाऊ नकोस, त्या माणसाच्या दारात कशाला? ती म्हणाली, "माझं पान आहे. दुसऱ्यांनी किती दिवस जेवायचं?"

१७ सप्टेंबर, मंगळवार. नवमी

गेली. स्वतःच्या पानावर बसली. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा.

पुरणाचा पहिला घास घेतला आणि म्हणाली, "जायफळ जास्त झालंय."

सुमंगला म्हणाली, "यंदा मी केलं. सवय नाही. इतकी वर्षं वन्संच करायच्या."

वहिनीनं घास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. भाऊकडे नाही — माझ्याकडे.

हे मी ह्या वहीतही लिहिलं नव्हतं.