डिस्चार्जचे सतरा अर्थ

३ फेब्रुवारी, सोमवार
परिभाषाकोशासाठी ‘डिस्चार्ज’ हा शब्द माझ्या वाट्याला आला. संपादक म्हणाले, शुक्रवारपर्यंत चार ओळी द्या. चार ओळी! धरणातून पाणी सुटतं तो डिस्चार्ज, जखमेतून पू येतो तोही, बॅटरी उतरते तोही, आरोपी सुटतो तोही. हे चार ओळींत उरकणाऱ्याने दुकानाच्या पाट्या रंगवाव्यात. ठरलं. एकही अर्थ सोडायचा नाही.

४ फेब्रुवारी
हॉस्पिटलात गेलो. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले. डॉक्टर जिन्यात भेटले. म्हणाले, जखमेतला डिस्चार्ज थांबला की डिस्चार्ज देतो. काय वाक्य! एका दमात दोन अर्थ! विसरण्याआधी कार्डावर उतरवायला थेट घरी आलो. बाबांच्या कॉटपर्यंत जायचं राहिलं. बाबा समजूतदार आहेत.

६ फेब्रुवारी
बायको म्हणते, शनिवारी बाबांना सोडणार, त्यांना जिना चढवणार नाही, खालची खोली रिकामी करून द्या. खालच्या खोलीत माझी कार्डं जमिनीवर क्रमाने मांडलेली. हलवली की संपलं. उद्या बघतो म्हणालो. ती उठून स्वयंपाकघरात गेली. म्हणजे पटलं.

७ फेब्रुवारी
धरणावरच्या इंजिनिअरला फोन. तो म्हणाला, आम्ही विसर्ग म्हणतो. व्याकरणातही विसर्ग! नवीन वाट सापडली. संपादकांकडे मुदत मागितली. लगेच दिली. कामाची कदर आहे माणसाला. खोली राहिली.

८ फेब्रुवारी, दुपार
बाबांना सोडलं. फोन सायलेंटवर होता, त्यामुळे कागदांवर बायकोने सही केली. खोली तशीच, म्हणून ताई बाबांना तिच्याकडे घेऊन गेली. म्हणाली, तुझ्या चिठ्ठ्या तुला लखलाभ. जीभ पहिल्यापासून तिखट. तात्पुरती सोय मात्र उत्तम. आठवड्याभरात आणतोच.

१२ फेब्रुवारी
बाबांना उठवायला-बसवायला दोघी लागतात, म्हणून बायकोही ताईकडे गेली. घरात शांतता. आता कामाचा फडशा.
संध्याकाळ: दूध उतू गेलं. शेगडी पुसण्यात दिवस गेला.

१७ फेब्रुवारी
नोंद पूर्ण! अकरा पानं, सतरा अर्थ. ऑफिसात नेली. संपादक म्हणाले, ते पान मंगळवारीच छापायला गेलं, टायपिस्टबाईंनी चार ओळी लिहून दिल्या. वाचायला मागितल्या. तीनदा वाचल्या. चूक सापडली नाही.

१८ फेब्रुवारी
सकाळी खोली रिकामी केली. पाऊण तास लागला. पलंग लावला, धुतलेली चादर घातली. ताईकडे फोन केला. बाबांनीच उचलला. म्हणालो, खोली तयार आहे, न्यायला येतो. ते म्हणाले, कशाला रे? काल काठी धरून फाटकापर्यंत चालत गेलो. इथे बरं चाललंय. तू तुझं काम कर.
आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.
बायकोला फोन द्यायला सांगितलं. ती त्यांच्या पायाला तेल लावत होती. हात तेलकट आहेत, नंतर करते म्हणाली.
नंतर म्हणजे किती वाजता, ते विचारायला हवं होतं.