नत्थुजींची इटालियन गाडी कोणाला द्यावी

मी, चंदन नत्थुजी होले, वय सव्वीस, शिक्षण नववी अर्धी, राहणार वलगाव, जिल्हा अमरावती, सध्या मुक्काम हिमाचलचा डोंगर, विजेचे टॉवर उभे करायच्या कामावर. उद्यापासून दरीवरून तार ओढायची आहे. हे मृत्युपत्र मी माझ्या डोक्याने, दारू न घेता, कोणाच्या दाबाखाली न येता लिहीत आहे. थंडीने अक्षर हलते, मन हलत नाही.

१. फुलांच्या वाडीतला माझा हिस्सा आणि बँकेतले जे असेल ते आईचे, म्हणजे माणिकबाईचे. गजेंद्रदादा मागेल. देऊ नये. आई देईलच.

२. माझे पाने-पकड दादाला. हरवले की माझेच नाव घेत होता, आता घेऊ नये.

३. आता गाडी. इटलीची मोटारसायकल, सव्वाशे सीसी, दोघांनी उचलून ओट्यावर ठेवावी इतकी हलकी. सूतगिरणीत मशीन बसवायला आलेल्या इटालियन साहेबाच्या बंगल्यावर बाबा माळी होते. जाताना साहेब गाडी बाबांना देऊन गेला. बाबांनी तिच्यावर जन्मभर झेंडूच्या टोपल्या अमरावतीला नेल्या आणि शेवटी ती माझ्या नावावर केली. दादाचा राग तेव्हापासूनचा. तिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. दादाने एकदाच चालवली, ब्रेक समजून गिअर दाबला आणि वांग्यात गेला. म्हणाला, "हे गाडी हाये का रेडा?" बाबा म्हणाले, "रेडा मालकाले ओळखते."

तीच गाडी दादाने मला न विचारता जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या ग्रुपवर विकायला टाकली. अकोल्याचा एक माणूस संक्रांतीनंतर न्यायला येणार आहे. फोटो माझ्या मोबाइलवरही आला. गाडीमागे दोरीवर आईचे लुगडे आणि खाली अर्धी बादली दिसते. मी गाडी कमी आणि बादली जास्त पाहिली.

४. गाडी विकू नये. माझ्या पश्चात ती ज्योत्स्ना देवमन तायडे, नर्स, सरकारी दवाखाना, हिला द्यावी. पहिल्याच दिवशी बरोबर गिअर टाकणारी ती एकटी. मी इकडे निघालो तेव्हा बस स्टँडवर म्हणाली, "गाडी विकाची असन तं वीक, पण मले विचारून." मी म्हटलं, "तुले काहून विचारू?" तेवढ्यात बस सुटली. दोन वर्षे झाली, तो प्रश्न मीच मला विचारून राहिलो. तिचे लोक वेगळे, आमचे वेगळे, म्हणून दादा नाक मुरडेल. त्याने वांगी आठवावीत.

गाडीचा प्लग मी निघताना काढून आणला, तो माझ्या पेटीत आहे; त्याशिवाय गाडी सुरू होत नाही. तसा प्लग बाजारात मिळतो, हे दादाला सांगू नये.

दुरुस्ती: साक्षीदार ललित याने सही करण्याआधी हे वाचले आणि म्हणाला, "मेल्यावर कायले देतं बे? जाऊन दे न." म्हणून कलम चारमधले 'माझ्या पश्चात' हे शब्द खोडले आहेत. खोडाखोड माझी, शुद्धीत केलेली. तार ओढून झाली की सुट्टी टाकतो. प्लग मीच आणतो. दादा, अकोल्याच्या माणसाला नाही म्हणून कळव. आणि ज्योत्स्नाला आधी कोणी काही सांगू नये. गाडी विकायची नाही, तरी तिला विचारायचे आहे.

सही: चंदन नत्थुजी होले

साक्षीदार:
१. ललित भोयर, धामणगाव रेल्वे
२. ओमप्रकाश महतो, झारखंड (याला मजकूर हिंदीत सांगितला)

ठिकाण: टॉवर कॅम्प, हिमाचल
तारीख: २८ डिसेंबर २०२५