टायरचे एकशे चार फेरे

पांढरकवडा, ११ डिसेंबर २००७, संध्याकाळ

हात अजून काळेच आहेत, पण लिहिल्याशिवाय चैन नाही पडत.

ताईचा बोन मॅरो मले चढवला, त्याले दहा महिने झाले. मुंबईच्या डॉक्टरनं फॉर्म देला होता. सहा मिनिटांत किती मीटर चालता, रोजची कोणती कामं जमतात, ते भरून पाठवायचं. सकाळीच भराले बसलो. ‘जड वस्तू ढकलता येते का?’ याच्यापुढं ‘नाही’ लिहिलं. उन्हाळ्यात साधा पाना उचलला तरी हात थरथरत होता, दुसरं काय लिहिणार?

राह्यलं चालणं. माझ्या गॅरेजातली मोजपट्टी पाचच मीटरची. म्हणून ट्रकच्या टायरवर खडूनं रेघ मारली, एका फेऱ्याचं माप घेतलं आन् टायर लोटत हायवेच्या कडेनं निघालो. रेघ खाली आली की एक. ताई घड्याळ घेऊन मागं. यंदा कापसाचे ट्रक कमीच, रस्ता मोकळा होता.

सहा मिनिटांत एकशे चार फेरे झाले. म्हणजे तीनशे अडतीस मीटर. मी तिथंच हिशेब करून राह्यलो होतो, आन् ताई टायरकडे पाहत उभी.

“डॉक्टरनं नुसतं चालाले सांगतलं होतं ना? मंग हे धूड काहून लोटत आणलं तू?”

खरंच, काहून? आन् मीच लोटलं काय हे? एकदाही थांबलो नाही?

घरी येऊन आधी ते ‘नाही’ खोडलं. कागदावर काळं बोट उमटलं. राहू दे तसंच. डॉक्टरले कळन.