रॉकच्या शेडमधलं धुण्याचं मशीन

१० जून

भांडण! सकाळी सकाळी, आणि तेही चामडीच्या डॉक्टरांच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर.

डॉक्टरांनी रॉकचे हात उलटेसुलटे करून बघितले. भेगा, कोपरापर्यंत लाल चट्टे, नखांभोवती सोललेली कातडी. म्हणाले, "मिस्त्री, डिझेलमध्ये हात घालणं आजपासून बंद. नाहीतर हे हात कामाला उरणार नाहीत." रॉकने गरीब गाईसारखी मान डोलावली. आणि बाहेर येऊन मला म्हणतो कसा, "मगे इंजिन काय फुंकर मारून धुवू?"

माझी सटकली. म्हटलं, "हात गेले तर भीक मागूक पण काय उरुचा नाय, कळला?"

घरी आल्यावर मात्र स्वतःच हात पुढे केले, खोबरेल लावायला. लावलं. काय करणार! नवरा आहे.

१२ जून

शेड भरली. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढल्या की त्यांची इंजिनं आमच्याकडे येतात. ऑगस्टला समुद्र उघडायच्या आत सगळी खोलून, धुऊन, जोडून परत द्यायची. वर्षाची कमाई ती हीच. आणि धुणं म्हणजे काय, तर पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल ओतायचं आणि एकेक पार्ट ब्रशने घासायचा. वर्षभराचं काळं, चिकट ग्रीस. रॉक उघड्या हातांनी घासतो. मी रबरी मोजे आणून दिले होते. ते आता खुंटीवर लटकतायत.

"मोज्यातसून माका कायच कळणा नाय," म्हणे.

माझं शिवणाचं मशीन शेडच्याच पडवीत आहे. मी ब्लाउज शिवते आणि त्याला ओरडते. दोन्ही कामं एकदम होतात.

१५ जून

रिशेलचा फोन. बाप म्हटलं की लेकीचा जीव नुसता वरखाली! गोव्यात वेर्ण्याला ती ज्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ऑफिसला आहे, तिथे पार्ट धुवायचं मशीन आहे. मोठी पोलादी पेटी. आत जाळीवर पार्ट ठेवायचे, झाकण लावायचं, बटण दाबायचं. जाळी गोल फिरते आणि चारी बाजूंनी गरम पाण्याचे फवारे. माणसाने हात घालायचाच नाही! "मम्मी, ते नवीन घेतायत. जुनं आपल्याला देतील, मी बोलून ठेवलंय."

मी लगेच हो म्हणून टाकलं. रॉकला नंतर सांगितलं.

"कपडे धुवचां मशीन? माज्या इंजिनाक?" जेवला नाही धड. माशाची तुकडी मात्र दुसरी मागून घेतली.

२१ जून

मशीन आलं! रॉक टेम्पोबरोबर गेला होता, तोंड एवढं करून. परत आला तो हसत. इन्सुलीच्या नाक्यावर टेम्पो अडवला. गोव्याहून येतोय आणि मागे झाकणाची एवढी मोठी पेटी, दारूच्या बाटल्याच असणार म्हणून पोलिसाने झाकण उघडून डोकं आत घातलं. आतल्या जुन्या तेलाच्या वासाने बिचारा ठसकत बाहेर आला. "म्हणता, व्हर रे बाबा, व्हर ह्यां!" पोलिसाचं ते 'ने बाबा, ने' रॉकने तीनतीनदा करून दाखवलं.

मला वाटलं, झालं, पटलं त्याला. कसलं काय! मशीन कोपऱ्यात नेऊन ठेवलं, वर ताडपत्री टाकली, आणि बसला परत ट्रे घेऊन.

२४ जून

सांजांव, सेंट जॉनचा सण. पोरं डोक्याला पानाफुलांचे मुकुट बांधून विहिरीत उड्या मारतायत. आमचा मिस्त्री ट्रेसमोर. मी एक मुकुट आणून त्याच्या डोक्यावर ठेवला. काढला नाही. तसाच घासत बसला. किती गोड दिसतो हा माणूस रुसला की! पण मशीनकडे बघत सुद्धा नाही. का? मी विचारते, तो सांगत नाही.

२९ जून, रविवार

हसून हसून पोट दुखतंय, तरी लिहायला हवं.

सेंट पीटर-पॉलचं फेस्त, मी चर्चमध्ये मिसाला गेले होते. कोळ्यांचा संत, म्हणून रॉकसाठी मुद्दाम मेणबत्ती लावली. परत येते तो शेडच्या दारातून पांढरं काहीतरी रस्त्यावर येतंय. फेस! नुसता फेस! शेजारचा कुत्रा त्यात उभा राहून भुंकतोय. आत रॉक गुडघाभर फेसात, दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलेलं.

"मारियान, ह्यां बंद कसां करतत गो?"

मी घरात नाही बघून स्वारीने चोरून मशीन लावून बघितलं होतं. आणि आत घातली माझी कपडे धुवायची पावडर! चांगली दोन वाट्या! मी तिथेच बाकड्यावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग तोही हसायला लागला. रिशेलला फोन केला तर ती ओरडतेय, "पप्पा, तिची बिनफेसाची वेगळी पावडर असते! पेटीतच पुडा ठेवलाय मी!"

दुपारभर आम्ही दोघं फेस उपसत होतो. लग्नानंतर इतके भिजलो नव्हतो कधी.

२ जुलै

वेगळी पावडर. पहिली खेप आज काढली. गिअर, झडपा, पुली, सगळं कसं आल्तारावरच्या मेणबत्तीदाण्यांसारखं लखलखीत! रॉक बघत राहिला. "बरां धुता," एवढंच म्हणाला. आवाज मात्र पडलेला. मला वाटलं, दमला असेल.

४ जुलै

लाईट गेली. मशीन अर्ध्यात बंद. रॉकचा चेहरा खुलला! लगेच ट्रे काढला. मी ट्रे काढून घेतला. तो माझ्याशी बोलत नाही.

७ जुलै

धुण्याचा डोंगर संपत आला, आता जोडायचं काम. आणि साहेब मला दर थोड्या वेळाने हाक मारतात. "मारियान, ही स्प्रिंग बसय बघू. तुजी बोटां बारीक." "मारियान, ह्यो नट धर." गेल्या वर्षीपासूनच हे सुरू झालंय, पण आता जास्तच. माझ्या मशीनवर रुक्मिणीबाईंच्या सुनेचा ब्लाउज अर्धा पडलाय. पण खरं सांगू? आवडतं मला. इतक्या वर्षांच्या संसारात आता कुठे लाडात आलाय, जवळ बसवून घेतो.

१२ जुलै

बोटांना चिंधी बांधलीय, अक्षर वाकडं येतंय.

सकाळी धोंडू तांडेल आला होता, 'सातेरीकृपा' होडीवाला. तो पंचवीस वर्षं आमच्याकडेच इंजिन आणतो. रॉकने मशीनचं झाकण उघडलं, आतून पुली उचलली आणि ती हातात धरून त्याच्याशी गप्पा मारत राहिला. यंदा मासे कसे असतील, वारा कसा असेल. मी म्हटलं, दे इकडे, मी ठेवते. घेतली आणि किंचाळून खाली टाकली! चुलीवरच्या तव्यासारखी तापलेली. माझी बोटं भाजली. आणि हा मघापासून ती तळव्यावर घेऊन उभा!

"तुका चटको नाय बसलो?"

"नाय गो. थंडच तर आसा."

त्याचा तळवा लालबुंद होता. धोंडूदादा हसला, म्हणाला, "मिस्त्रीचे हात लोखंडाचे!" आणि गेला.

मी रॉककडे बघितलं. त्याने हात खिशात घातला.

डिझेल थंड असतं. थंडात हात घालून कोणाला काय कळणार? या मशीनने आज त्याला उघडं पाडलं.

१३ जुलै

मिसाला गेलो नाही. रॉक बोलला. माझ्याकडे न बघता, शेडच्या दाराकडे तोंड करून.

दोन वर्षांपासून बोटांना काही लागत नाही. नट आट्यात बसला की तिरका गेला, कळत नाही. स्प्रिंग बोटांतून कधी सुटली, कळत नाही. म्हणून बारीक काम मला. "धुवूक डोळे पुरे. जोडूक बोटां व्हयी. धुवचां काम तेवढां माज्याकडे उरलेला गो. आणि तू मशीन हाडलंस. मगे माका काय रवला ह्या शेडीत?"

आणि मी काय समजत होते! लाड! अशी वेडी मी.

खूप रडले. त्याने डोळे पुसले माझे. त्या हातांनी. ओलं लागलं का रे, असं विचारावंसं वाटलं.

१५ जुलै

मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. साखर. भरपूर. त्यातून पायांआधी हातांच्याच नसा गेल्या, त्यात वर्षानुवर्षं ते डिझेल. म्हणाले, साखर आटोक्यात ठेवा, आणखी बिघडणार नाही. गेलेलं परत येईल? "सांगता येत नाही." परत येणार नाही, हे सांगायची डॉक्टरांची पद्धत असावी.

घरातला गुळाचा दोदोल शेजारी देऊन टाकला.

१७ जुलै

ठरलं. तो सांगणार, मी करणार. कान त्याचे, बोटं माझी. आणि धुणं पूर्ण त्याचं. मशीनवर दुसऱ्या कोणी हात टाकायचा नाही. आता त्याने चामड्याचे मोजे घातले, कुरकुर न करता. गरम पार्ट चिमट्याने काढतो.

अट एकच. कोणाला कळता कामा नये. "रॉक मिस्त्रीच्या बोटांत जीव नाय म्हणान कळला तर उद्या इंजिन कोण हाडीत हयसर? कुलूपच लावचा लागतला." काम करताना शटर अर्धं खाली.

मला नाही आवडलं. पण त्याचा चेहरा बघून हो म्हटलं.

२० जुलै

आज झडपांची फट लावली. कागदाएवढी पातळ पोलादी पट्टी असते, ती फटीत सरकवायची. अडकली तर वाईट, सैल गेली तरी वाईट. "किंचित घासाक व्हयी," रॉक म्हणाला, "पण किती, तां माका सांगूक येवचा नाय. तां बोटांकच कळता."

मी सरकवली. अरे, हे तर माझ्या मशीनच्या दोऱ्याचा ताण बघण्यासारखं! फार ओढला की तुटतो, सैल सोडला की गाठी. एकदम कळलं. सगळ्या झडपा लावल्या. रॉकने इंजिन चालू केलं, त्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला, दांडा कानाला लावला, डोळे मिटले. मग डोळे न उघडताच माझ्या डोक्यावर टपली मारली.

असा आनंद मला आल्तारावरची झालर शिवतानाही झाला नव्हता!

२४ जुलै

बाहेर कोणीतरी आलं, की मी पटकन पडवीत पळते आणि शिवणाच्या मशीनवर बसते. ग्रीसचे हात पदराखाली. आज तसाच डाग रुक्मिणीबाईंच्या सुनेच्या ब्लाउजला लागला. चोरी केली आहे का मी काही?

२८ जुलै

धोंडूदादाच्या इंजिनाची ट्रायल. होडीवर चढवलं, एका फटक्यात चालू! धूर नाही, ठोका नाही. धोंडूदादा रॉकच्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "मिस्त्री, तुजो हात तो तुजोच हात! इतक्या वर्षांत इंजिन असां वाजूक नाय."

मी थर्मासमधून सगळ्यांना चहा ओतत होते.

रॉकने मान खाली घालून कप घेतला.

२९ जुलै

बोलले शेवटी. म्हटलं, मला नाव नको, काही नको, पण चहा ओतताना असं गुदमरल्यासारखं होतं. नंतर म्हटलं, खोटं बोलले. नाव हवंय मला. होय, हवंय! माझ्या बोटांचं काम आहे ते.

रॉक उठून मशीनकडे गेला. पाणी बदललं, तळाचा गाळ काढला, जाळी पुसली. कितीतरी वेळ. पाठमोराच म्हणाला, "लोकांनी पाठ फिरवली तर?"

"फिरवली तर मी ब्लाउज शिवीन. तू बटणां लाव."

"बटणां? ह्या बोटांनी?"

आणि हसलो दोघंही. मी परत विचारलं नाही. चाळीस वर्षं मिस्त्री म्हणवून घेतलेल्या माणसाकडून ते काढून कसं घ्यायचं? प्रेम आहे माझं त्याच्यावर. रागसुद्धा आहे. दोन्ही खरं.

१ ऑगस्ट

समुद्र उघडला. आमच्याकडून गेलेली सगळी इंजिनं निघाली. किनाऱ्यावर उभं राहून आवाज ऐकले. रॉक एकेक ओळखत होता.

७ ऑगस्ट

जामसंड्याचा कोणी नवा नाखवा आला, पंप घेऊन. मी आत दुसरा पंप उघडून बसलेले. पळायला उठणार, तोवर तो दारात. "मिस्त्री खंय आसा?"

रॉक मशीनमधून पार्ट काढत होता. चिमटा खाली ठेवला. जाऊन शटर पार वरपर्यंत ढकललं.

"भितर आसा. थांब, हाक मारतंय."

आणि मारली. सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशी! "मारियान!"