करड्या कड्याचं दुसरं उत्तर

हिंटरबाख,
मंगळवार, १९ ऑगस्ट १९५८

प्रिय आगाथा,

तू, माइनराड आणि दोघी मुली खुशाल असाल. मी ठीक आहे. वरच्या कुरणावर तांबडी व्यायली, कालवड झाली. चीज यंदा बरं जमलंय. अकरा दिवस पाऊस हटत नव्हता, काल उघडला. चीज गुंडाळायच्या कागदावर लिहितोय, तेवढं चालवून घे.

चार वर्षांनी या भावाचं पत्र आणि त्यात गाईचं बाळंतपण, असं म्हणून तू हे चुलीत घालशील. घालू नकोस. शेवटपर्यंत वाच.

आपल्या घरचा योडल, ते कड्याला घालायचं बिनशब्दांचं गाणं, तुला वेगळा सांगायला नको. तीन सूर आपण लावतो, मग थांबतो, आणि चौथा करडा कडा लावतो. यंदा जूनपासून कडा दोनदा उत्तर देतोय. एक नेहमीचं, आणि त्यामागोमाग दुसरं, बसक्या गळ्याचं. ते ऐकायला शहरातून माणसं धापा टाकत वर येतात. गाण्यात एक शब्द नाही, तरी म्हातारेकोतारे डोळे पुसतात. माझ्यासोबत गुरं राखणारा, गाणारा काश्पार म्हणाला, कड्यालाही तुझा गळा आवडायला लागला बघ. सगळे हसले, मीही हसलो. मग आम्ही गाण्यातलं थांबणंच लांबवलं, दुसऱ्या उत्तराला जागा मिळावी म्हणून.

खरं सांगतो, मला ते फार आवडलं.

आता जे टाळतोय ते लिहितो. बाबांनी शेवटच्या आजारात मला एकट्याला जवळ बसवून सांगितलं होतं, "कडा एकदा बोलतो तोवर तो धड आहे. दोनदा बोलला तर आतून फाटला समज. त्या दिवशी खालची माणसं हलव." त्यांच्या लहानपणी पलीकडच्या खोऱ्यात असंच झालं. तिथे आता नुसते धोंडे आहेत. आपल्या कड्याखाली एकच घर आहे, आगाथा. तुझं.

जूनमध्ये पहिल्याच संध्याकाळी मला बाबांचं हे बोलणं आठवलं होतं. मग म्हटलं, हवा दमट असेल. म्हटलं, रविवारी सांगू. असे दहा रविवार गेले. टाळ्या गोड लागत होत्या, हे एक. आणि तुझ्यासमोर यायला तोंड नव्हतं, हे दुसरं. बाबांच्या मातीला तुला त्यांचा योडल म्हणायचा होता, आणि मी सगळ्या गावासमोर म्हणालो, "हे पुरुषांचं काम आहे, तू मागे हो." तुझा कान माझ्यापेक्षा तयार, हे बाबाही म्हणायचे. त्या दिवसापासून तू गायलीच नाहीस. गात असतीस तरी कडा दोनदा बोलतोय हे घरातून कळलं नसतं म्हणा. पायथ्याशी उत्तर ऐकू येत नाही, ते डोक्यावरून जातं.

काल पाऊस थांबल्यावर मी एकटाच गायलो. उत्तर तीनदा आलं. तिसरं माझ्या आवाजाचं नव्हतं. खडे घरंगळत होते, बराच वेळ.

आज सकाळी तुझ्या दारी आलो. माइनराडने अर्धंच दार उघडलं. म्हणाला, सरकारी माणूस मे महिन्यात कडा बघून गेला, शाबूत आहे. वर मला म्हणाला, "तुझी गाणी तुझ्यापाशी ठेव." तू आत भांडी घासत होतीस. घासायचा आवाज मध्येच थांबला, म्हणजे तू ऐकत होतीस.

मी गेलो नाही. तुझ्याच अंगणातल्या बाकावर बसून हे लिहितोय. गुरं काश्पारच्या हवाली केली आहेत. कागद दाराखालून सरकवतो आणि परत बाकावर बसतो. मुलींना घेऊन निघालीस तर मी पुढे चालेन, मागे चालेन, तू म्हणशील तसं. नाही निघालीस तर मीही उठणार नाही.

बाबांचा योडल आजपासून तुझा. मी पुन्हा म्हणणार नाही. फक्त इथे म्हणू नकोस. पुलापलीकडे, कड्यापासून लांब जाऊन म्हण.

तू आत आहेस तोवर तुझ्या दारात बसलेला,
बाल्झ