नऊ कोकरांचं गणित

मी, सायराकान, कै. जुमाली यांची पत्नी, राहणार कोक-झार, प्रांत नारिन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहवून ठेवते. शुद्धीत आहे, पण हादरलेली आहे. "आपा, आज राहू द्या," असे गावच्या कचेरीतले सेक्रेटरी म्हणाले. आजच लिहून घ्या, असे मी त्यांना सांगितले.

कलम पहिले. खेळाचा पट. अक्रोडाच्या लाकडाचा, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खळगे. खळग्याला आम्ही घर म्हणतो. त्यात टाकायच्या गोळ्यांना मेंढीच्या लेंड्यांचे नाव आहे, त्याला माझा इलाज नाही. हा पट माझी नात सेझिम हिला द्यावा. ती माझ्या दिवंगत लेकीची मुलगी. तिची फुप्फुसे नाजूक, डॉक्टरांनी शाळेला मनाई केली, म्हणून रीतसर परवानगी काढून मीच तिला घरी शिकवते. बेरीज, नवाचा पाढा, सम-विषम, सगळे या पटावर. सात घरांत सात पिढ्यांचे पूर्वज बसवून त्यांची नावे पाठ करून घेतली. उरलेल्या दोन घरांत पाहुणे, त्यांना चहा कसा द्यायचा तेही शिकवले. माझा धाकटा मुलगा मेदेरसुद्धा याच पटावर शिकला. सेक्रेटरी, हे वाक्य ठळक लिहा.

कलम दुसरे. राहते घर. आमच्यात बापाचे घर धाकट्या मुलाचे, हे लिहून ठेवायची कोणाला गरजच पडत नाही. मलाही पडली नसती. पण मी इस्पितळात असताना घरी शिकणाऱ्या मुलांची परीक्षा घ्यायला जिल्ह्याहून परीक्षक बाई आल्या. घरी मेदेर होता.

बाईंनी सेझिमला विचारले, "कोंडवाड्यात नऊ कोकरं आहेत. नऊच्या नऊ बाहेर काढली. आत किती राहिली?"

"एक."

"अगं, सगळी काढली."

"हो. एक राहिलं. घर रिकामं ठेवायचं नसतं."

हा खेळ खेळणाऱ्याला यात चूक दिसणार नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या उचलल्या तरी पहिली त्याच घरात परत टाकायची, मग बाकीच्या पुढे वाटायच्या. बाई बाहेरगावच्या, त्यांना काय ठाऊक? त्यांनी मेदेरला विचारले, "पोरीला समज कमी आहे का हो?" आणि मेदेर चहा पीत म्हणाला, "तुम्हीच बघा, बाई." मतिमंद मुलांच्या वसतिगृहात घालायच्या कागदावर त्याने पालक म्हणून सही ठोकली.

मी परत आले तर दारात पोरीचे बोचके बांधलेले! सेझिमनेच मला सगळे जसेच्या तसे सांगितले आणि वर विचारले, "आजी, मी मंद आहे?" मी आधी ते बोचके सोडले.

मी मेदेरला म्हटले, "तुला कळलं होतं ना रे, ती असं का म्हणाली ते?"

"कळलं होतं, आई."

"मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"आता बाईंसमोर लेंड्यांचं पुराण काढू? आणि पोर तिकडे गेली की घर मोकळं होतं. गिऱ्हाईक बघून ठेवलंय मी. तुला बिश्केकला नेईन, तिथं थंडी नाही."

एवढे बोलून त्याने मला चहात साखर किती ते विचारले. मला अजून विश्वास बसत नाही. सख्खा मामा! ज्याला मी मांडीवर बसवून हीच चाल शिकवली, तोच!

तरी राहते घर, तबेला आणि मागची जर्दाळूची झाडे मी सेझिमला देते. ती सज्ञान होईपर्यंत माझी बहीण उलकान तिथे राहून तिचा सांभाळ करील. मेदेरने केलेली सही पालकाची नाही, पालक मी आहे. तसा अर्ज आणि फेरपरीक्षेची मागणी आजच दिली आहे. मी तोवर नसले तर उलकानने पोरीला परीक्षेला न्यावे. कागदावरच्या गणितात घर रिकामे होते, हे मी तिला काल शिकवले. तिला ते पटले नाही, पण उत्तर शून्य लिहायला ती तयार झाली आहे.

कलम तिसरे. चहाचा समोवार उलकानला. माझ्या लग्नापासून तिचा डोळा होता त्यावर. घे बाई एकदाचा. यजमानांचे खोगीर आमची मेंढरे राखणाऱ्या पोराला. त्याने ते मागितले नाही, म्हणून.

साक्षीदारांबाबत. ज्याला वाटा मिळतो त्याला साक्षीदार होता येत नाही, असे सेक्रेटरींनी वाचून दाखवले. मेदेर दारात उभा होता. म्हणाला, "म्हणजे माझी सही चालायची नाही, आई."

मी म्हटले, "चालेल की. ये, घे पेन."

ठिकाण: कोक-झार. दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९.

सही: सायराकान

साक्षीदार १: तोकोन, नालबंद. नाते: शेजारी.

साक्षीदार २: मेदेर. नाते: मुलगा.